हेदालच्या नावाची गाडी

३ सप्टेंबर

कॉफीच्या गाडीची खरी किंमत काय पडली ते लिहून ठेवतो, कारण गाडीवाल्याने सांगितलेला आकडा अपुरा आहे. त्यात कॉफी आली, कप आले, गाडीच्या डोक्यावरचा फलक आला. माझं जुनं ड्रम मशीन त्यात आलं नाही. ते परवा विकलं. ज्याने घेतलं त्याने माझ्यासमोरच त्यावर एक ठेका वाजवून दाखवला आणि तो मला शेवटपर्यंत ऐकावा लागला, तेही आकड्यात नाही. शिवाय फलकावर छापायला दिलेलं नाव माझं नाही. दुसऱ्याचं नाव वापरायचं काय पडतं, हे गाडीवाल्याला विचारून उपयोग नव्हता.

झालं ते असं. आमच्या धंद्यात एखादा नट चित्रीकरणात गुंतलेला असला की त्याचे मित्र, चाहते, धाकटे सहकारी सेटवर कॉफीची गाडी पाठवतात. वर नटाचा मोठा फोटो, खाली ‘आमच्या अमक्याला सांभाळून घ्या’ आणि त्याखाली पाठवणाऱ्याचं नाव. सगळ्या युनिटला फुकट कॉफी, आणि ज्याची गाडी तो त्या दिवशीचा जावई. यंगहे मॅडम आमच्या मालिकेच्या नायिका, त्यांना जवळजवळ दर आठवड्याला येते. मी जूनपासून इथे आहे. माझी भूमिका वसुलीवाल्या बेकची, सावकाराचा माणूस. लोकांची दुकानं उलथीपालथी करतो आणि जाताना खुर्ची मात्र नीट लावून ठेवतो. प्रेक्षकांना तो आवडतो म्हणतात. पण त्याच्या नावाने अजून एक कप कॉफी कुणी पाठवलेली नाही.

परवा जेवणाच्या रांगेत दिवेवाल्यांपैकी एकाने विचारलं, “दोलमेंग दादा, तुमची गाडी कधी येणार?” मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, हातात ताट होतं आणि तोंड मोकळं होतं.

मी म्हणालो, “अरे, माझी पोरं भांडतायत, पहिली कुणी पाठवायची म्हणून.”

“कुठली पोरं?”

“हेदाल वगैरे.”

अख्खी रांग वळली. हेदालला कोण ओळखत नाही? त्याची मैदानं भरतात. पण त्याला माइकपुढे पहिल्यांदा उभं केलं ते मी, याच तळघरातल्या माझ्या स्टुडिओत. त्याचा पहिला अल्बम माझ्या हातचा. यात तिळमात्र खोटं नाही. ‘पोरं भांडतायत’ हे खोटं. पोर एकच आहे, आणि ते चार वर्षं माझ्याशी बोललेलं नाही.

५ सप्टेंबर

ड्रम मशीन होतं तिथे फळीवर धुळीची चौकट राहिलीय. पुसली नाही.

नवा ठेका अर्धा झालाय. त्यावर कोण गाणार ते ठरलेलं नाही. म्हणजे कुणीच नाही.

९ सप्टेंबर

गाडी आली! उजाडता उजाडता आली. पाजूच्या सेटबाहेर धुकं होतं आणि त्यात माझा तोंडभर हसणारा फोटो पिवळ्या दिव्यात उभा. खाली अक्षरं: ‘आमच्या दोलमेंग दादांना सांभाळून घ्या. तुमचा, हेदाल.’ मजकूर मीच लिहिला होता, तरी थांबून पुन्हा वाचला. फलकाचा रंग चांगला उतरलाय.

एक क्षण मात्र सगळं फसणार होतं. गाडीवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, “प्यो दल्सूंची ऑर्डर! कुठे लावू?” प्यो दल्सू म्हणजे मी. दोलमेंग हे गाण्यातलं नाव; दोलमेंग म्हणजे धोंडा. विसाव्या वर्षी ते फार भारी वाटलं होतं. फाटकाशी निर्मितीखात्याच्या मिरान बाई उभ्या होत्या. सेटवर कुठली गाडी कुठे उभी राहायची ते त्या ठरवतात. त्यांनी गाडीवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्याने म्हणाल्या, “हेदालकडून आलेली ना? हां, इकडे घ्या, नळाजवळ!” बाईंचं लक्ष कुठेतरी भलतीकडे असणार. वाचलो.

मग काय विचारता! दिवेवाला दोन कप घेऊन गेला. ध्वनिमुद्रणवाला म्हणाला, “दादा, असा चेला पाहिजे राव. आमचा असिस्टंट वाढदिवसाला साधा मेसेज टाकत नाही.” यंगहे मॅडम स्वतः येऊन वाकून नमस्कार करून गेल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्याशी स्क्रिप्टबाहेरचं वाक्य बोलल्या: “तुमचे संबंध किती छान आहेत!”

“घरचाच आहे तो,” मी म्हणालो.

मिरान बाईंनी कॉफी घेतली नाही. नुसत्या गाडीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही घेतलीत का पण?” गडबडीत मी घेतलीच नव्हती. त्यांनीच एक कप आणून हातात दिला.

माझा आजवरचा उत्तम अभिनय आज झाला आणि कॅमेरा बंद होता. सेटवर एकाही माणसाला संशय आला नाही.

१० सप्टेंबर

घोटाळा. यंगहे मॅडमच्या मॅनेजरने गाडीपुढचा फोटो इंटरनेटवर टाकला. हेदालच्या चाहत्या पोरींना तो सापडला आणि त्यांचा तपास पोलिसांच्या वरचा. हेदाल म्हणे कधीच कॉफीची गाडी पाठवत नाही. त्याला कॉफीने पित्त होतं, म्हणून तो सगळ्यांना शिख्येची, तांदळाच्या गार सरबताची गाडी पाठवतो. ‘ही गाडी बनावट आहे.’ ‘हा म्हातारा कोण?’

इथे असताना तो रोज कॉफी प्यायचा. माझ्याबरोबर, बरोबरीने. पित्ताचं कधी बोलला नाही.

आता त्याची कंपनी खुलासा करणार. उद्या सेटवर कुठल्या तोंडाने जाऊ?

११ सप्टेंबर

खुलासा आलाच नाही. त्या फोटोखाली हेदालच्या खात्यावरून एक ओळ आलीय: ‘आमच्या दादांना कॉफीच आवडते.’ बस. चाहत्या गप्प. उलट आता माझ्या जुन्या गाण्यांवर येऊन ‘दादा, जेवलात का?’ असं लिहितायत.

असली खाती काही गायक स्वतः चालवत नाहीत. ऑफिसात कुणीतरी नवखं पोर बसवलेलं असतं, त्याने चौकशी न करता ठोकून दिलं असणार. त्या पोराचं भलं होवो.

ती ओळ पुन्हा दोनदा वाचली. ‘आमच्या.’

१४ सप्टेंबर

दिग्दर्शक साहेबांनी बाजूला घेतलं. हा माणूस बाजूला घेतो तेव्हा एक तर कौतुक असतं नाही तर मरण. आज दोन्ही होतं.

“दोलमेंग, लेखिका बाईंचं बेकबद्दल ठरत नाहीये.”

लेखिका बाईंना आम्ही कुणी पाहिलेलं नाही. त्या कुठेतरी खोलीत बसून लिहितात आणि चित्रीकरणाच्या सकाळी पानं फोनवर येतात. पन्नास भागांत कोण जगणार, कोण कोमात जाणार, सगळं त्यांच्या हातात.

“ठरत नाही म्हणजे?”

“बाराव्या भागात मारायचं होतं तुला. पण आता जरा चर्चा आहे तुझी. गाडीमुळे. हेदाल एक दिवस पाहुणा म्हणून येईल का? तो आला तर बेकची गोष्ट वाढवता येईल, चॅनलवालेही खूश होतील. नाहीतर…” साहेबांनी हाताने बेकला जमिनीत घातलं.

मी हसलो. म्हणालो, “साहेब, माझा एक फोन गेला की पोरगं धावत येईल.”

सत्तेचाळिसाव्या वर्षी बेकने मला रोज सकाळी उठायचं कारण दिलंय. भल्या पहाटे गाडी घ्यायला येते. मेकअपवाली विचारते, झोप झाली का. दुपारी ताट घेऊन कुणाच्या तरी शेजारी बसायला मिळतं. बेक मेला की मी पुन्हा तळघरात, अर्ध्या ठेक्यासमोर. तेव्हा फोन करायचाच आहे.

१६ सप्टेंबर

फोन केला नाही. सराव केला. पहिलं वाक्य जमत नाही. ‘हेदाल, मी दोलमेंग.’ त्याला काय माहीत नाही? ‘कसा आहेस?’ कसा आहे ते बसस्टॉपवरच्या जाहिरातीतही दिसतं. ‘जेवलास का?’ हे चांगलं आहे, पण पुढे काय?

शिवाय रीत म्हणून काही आहे की नाही? फोन धाकट्याने करायचा असतो. गेला तो. करार संपला, मोठ्या कंपनीने बोलावलं, दारूची बाटली घेऊन आला, गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार.” आता असं विचारल्यावर माणूस काय म्हणणार? मी म्हणालो, “जा.” तर गेला! बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नाही.

गेल्या वर्षी एकदा त्याचा फोन येऊन एका घंटीत बंद झाला होता. खिशात चुकून लागला असणार.

२५ सप्टेंबर, चुसोक

सुगीच्या, पितरांच्या या सणाला सोल शहर म्हणजे माइक चालू आणि गाणारा निघून गेलेला. सगळे गावी. आईवडील गेल्यापासून मी माझ्या गावी, तेबेकला, जात नाही. तिथे खाणीही बंद आणि आमचं घरही बंद. सकाळी हात धुऊन त्यांच्या फोटोपुढे फळं मांडली, दारू ओतली, वाकलो. दोन माणसांचा नमस्कार एकट्याने करायचा म्हणजे फार लवकर आटपतो.

मग वर गेलो. वरच्या मजल्यावर मांदूवाल्या मावशींचं दुकान आहे; मांदू म्हणजे मोमोसारखे, आत सारण भरून उकडलेले. त्याही एकट्याच, मुलगा ऑस्ट्रेलियात. वाफाळलेल्या मांदूंची परात पुढे सरकवून म्हणाल्या, “ही घे तुझी नाशपातीची पेटी. आली परवा.”

हेदालच्या कंपनीकडून दर चुसोकला नाशपाती येतात. मोठ्या कंपन्या जुन्या ओळखीच्यांना अशा शेकड्याने पेट्या वाटतात. मी दर वर्षी ती मावशींनाच देऊन टाकतो.

“ठेवा तुम्हालाच.”

“अरे, एक तरी खाऊन बघ. एवढ्या निवडून आणलेल्या असतात. तो माणूस किती नम्र आहे रे तुझ्या कंपनीचा! टोपी, मास्क. मी म्हटलं, खाली जिना आहे, दादा आत आहेत, जा. तर म्हणतो, नको मावशी, त्यांचं काम चालू असेल. इथे बसून दोन परड्या मांदू खाल्ले. तू खाली ठोकत होतास ना काहीतरी, ते ऐकत बसला होता पायाने ताल धरून.”

“हल्ली डिलिव्हरीवाल्यांना शिकवतात मावशी. नम्र वागलं की तारे जास्त मिळतात.”

मावशींनी एक नाशपाती काढून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, “कान तेवढे तीक्ष्ण आहेत बाबा तुझे.”

आहेतच. भिंतीपलीकडचा श्वास ऐकून मी गाणारा कुठल्या ओळीवर अडणार ते सांगतो. एक नाशपाती खाल्ली. गोड होती. एकट्याला अख्खी संपत नाही.

२९ सप्टेंबर

साहेबांनी सेटवर सगळ्यांसमोर विचारलं, “काय म्हणतो तुझा हेदाल?”

“बोलणं झालंय,” मी म्हणालो. “तारखांचं बघतोय तो.”

मिरान बाई शेजारीच चहा घेत होत्या. साहेब गेल्यावर म्हणाल्या, “बोलणं झालंय?”

“म्हणजे होईल.”

“दल्सू साहेब, तारखा, गाड्या, जेवण हे माझं खातं आहे. पुढचं मी बघू का?”

“बघा की,” मी म्हणालो. एवढ्या कामाच्या बाईला सांगायची गरज नसते. काय बघणार आहेत ते विचारायला हवं होतं. मला दल्सू म्हणणाऱ्या सेटवर त्या एकट्याच.

६ ऑक्टोबर

हेदाल येतोय!

सकाळी कळलं. त्याच्या कंपनीचा होकार आलाय. त्याचं नवं गाणं येतंय ना या महिन्यात, त्याची जाहिरात होईल, म्हणून असणार. सेटवर माझी मिरवणूक निघायची बाकी होती. दिवेवाला म्हणाला, “मानलं दादा! एका फोनवर!” मी नुसता हात हलवला, मंत्री हलवतात तसा.

हे लिहून होतंय तोवर नवी पानं फोनवर आली.

हेदालची भूमिका: सावकाराने पाठवलेला मारेकरी. एका दिवसासाठी आलेल्या पाहुण्याने असं काय करावं की सगळा देश बोलेल, याचा लेखिका बाईंनी रात्रभर विचार केला म्हणे. तो बेकला भोसकतो. तेही बाराव्या भागात नाही, अकराव्यात. म्हणजे मी त्याला आणवलं नसतं तर आठवडाभर जास्त जगलो असतो.

साहेबांना गाठलं. “साहेब, तुम्ही म्हणाला होतात, तो आला तर बेक वाढेल!”

“अरे, वाढलाच की! मरणाला पाच पानं दिलीत तुला. नायिकेच्या बापाला दीड मिळणार आहेत.”

पानं मोजली. पाचच आहेत.

९ ऑक्टोबर

आज मेलो.

इंचॉनच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामात. हेदाल काळ्या व्हॅनमधून उतरला. बारीक झालाय. जवळ येऊन कमरेत पूर्ण वाकला, सगळ्यांसमोर, आणि वाकलेलाच राहिला.

“आलास?” मी म्हणालो. एवढा सराव करून हे एक निघालं.

“आलो, दादा.”

मेकअप चालू असताना माझ्याकडे न बघता आरशाला म्हणाला, “माझी कॉफी कशी होती?”

कान गरम झाले. “बरी होती.”

“मला पित्त होतं तिने.”

“माझ्याकडे असताना तर प्यायचास.”

“तुम्ही द्यायचात म्हणून प्यायचो.” एवढं बोलून त्याने डोळे मिटले, मेकअपवालीला पापणीवर काम करायचं होतं.

प्रसंग असा. बेक दारूच्या दोन वाट्या भरतो, कारण मारेकरी त्याच्याच हाताखाली वाढलेला आहे. मारेकरी वाटी उचलत नाही. उठतो, मिठी मारतो आणि मिठीत भोसकतो. बेक त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मरतो. लेखिका बाईंना आमचं कुणी काही सांगितलं होतं की काय? त्या खोलीतून बाहेर पडत नाहीत म्हणतात.

हेदालला भोसकणं जमेना. मिठी मारायचा आणि सुरी विसरायचा. साहेब ओरडले, “अरे, मार त्याला! किती वेळ कुरवाळतोयस!” युनिट हसलं. पुन्हा. पुन्हा. मी त्याच्या कानात म्हणालो, “तिसऱ्या मात्रेवर श्वास घे, चौथीवर मार. गाण्यात शिरतोस तसा.” त्याने मान हलवली. श्वास ऐकला मी, बरोबर तिसऱ्या मात्रेवर, तोच जुना, नाकातून किंचित अडखळणारा. तो अडखळा घालवायला मी दोन वर्षं घालवली होती. बरं झालं गेला नाही.

भोसकलं त्याने. मी मरायला लागलो. आणि स्क्रिप्टमध्ये नसलेलं वाक्य तो माझ्या कानाशी बोलला, “दादा, चुकलं माझं.” खांदा हलत होता त्याचा. मीही मग मरता मरता त्याच्या पाठीवर थोपटलं. बेकने थोपटायचं असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

साहेब बराच वेळ ‘कट’ म्हणाले नाहीत. मग म्हणाले, “हेच ठेवू.” मिरान बाई डोळे पुसत होत्या, मासळीच्या गोदामात वासाने डोळ्यांना पाणी येतंच. पोराने अभिनय चांगला केला, मात्र वाक्य जरा घाईत टाकलं. माझं म्हणाल तर पंचवीस वर्षं माइकपुढे काढली त्याचं आज सोनं झालं. हे दृश्य लागेल तेव्हा या देशात बघणाऱ्या एकाही माणसाची पापणी लवणार नाही. लिहून ठेवतो.

युनिटने रिवाजाप्रमाणे मेलेल्याला पुष्पगुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या. हेदाल व्हॅनशी थांबला होता.

“दादा, जेवायला जाऊ या?”

“आज मला काम आहे.”

“बरं,” म्हणाला. “मग नंतर कधी.”

व्हॅन गेली.

१० ऑक्टोबर

काम काही नव्हतं. धक्क्याबाहेरच्या दुकानात उभ्याने कपातले नूडल्स खाल्ले, पुष्पगुच्छ काखेत धरून. काउंटरवरच्या बाईने विचारलं, “लग्नाहून आलात का?” मी हो म्हणालो.

१५ ऑक्टोबर

पहाटे गाडी येत नाही. तरी जाग येते.

मिरान बाईंचा फोन आला. निर्मितीचे काही कागद राहिले होते, म्हणाल्या, आणि कागदांचं एक वाक्यही बोलल्या नाहीत. जेवता का वेळेवर, विचारलं. मग म्हणाल्या, “पुढच्या वेळी गाडी मागवाल तेव्हा मला आधी सांगत जा. त्या दिवशी नळाजवळची जागा ऐनवेळी रिकामी करावी लागली.”

“मी कशाला मागवीन? मला लोक पाठवतात.”

“हो, हो,” त्या म्हणाल्या. “लोकांना सांगा मग.” आणि हसल्या. त्यांचं हसणं मंद्र सप्तकात आहे, फोनवर छान उतरतं. मी विचारलं, सेटवर कसं चाललंय. म्हणाल्या, “खुर्च्या कुणी नीट लावत नाही हो आता.” फोन ठेवल्यावर बराच वेळ कळलं नाही, फोन होता कशासाठी.

१८ ऑक्टोबर

हेदालला मेसेज लिहिला: ‘शनिवारी अकरावा भाग आहे.’ पाठवू की नको करत असताना बोट लागलं आणि गेला. परत घ्यायचं बटण शोधेपर्यंत समोरून उत्तर: ‘माहीत आहे दादा. कुठे बघणार?’

मी लिहिलं, ‘तळघरात.’ हे काही आमंत्रण नव्हे. त्याने विचारलं, मी सांगितलं.

२५ ऑक्टोबर

काल संध्याकाळी दारावर थाप. उघडलं तर हेदाल. टोपी, मास्क, हातात तळलेल्या कोंबडीची पिशवी, आणि मागे जिन्याच्या वरच्या पायरीवर मांदूची परडी घेऊन मावशी, डिटेक्टिव्ह असल्यासारख्या वाकून.

“आला बघ तुझा डिलिव्हरीवाला!” मावशी म्हणाल्या आणि परडी त्याच्या हातात देऊन वर निघून गेल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मास्क काढला नाही. मी म्हणालो, “नाशपाती गोड होत्या यंदा.” हे एकच बरं सुचलं.

“निवडून आणतो,” तो म्हणाला आणि बूट काढून आत आला.

देगूमध्ये त्याचा कार्यक्रम होता. दोन रात्री झोपला नव्हता, कार्यक्रम संपवून तडक आलेला. जुन्या सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसला. खोलीभर नजर फिरवली, फळीवर धुळीच्या चौकटीशी जरा थांबली, पण विचारलं काही नाही. मी कोंबडीचे दोन्ही पाय त्याच्या ताटात टाकले, त्याने एक माझ्या ताटात परत टाकला. मालिकेला अवकाश होता म्हणून मी अर्धा ठेका लावला. पहिल्या फेरीत नुसता ऐकत होता, दुसऱ्या फेरीत ओठ हलायला लागले. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. तिसऱ्या मात्रेवर नाकातला तो अडखळा. मी मुद्दाम माइकचं बटण दाबलं नाही. म्हणजे दाबणार होतो, पण मग त्याने थांबून विचारलं असतं, “दादा, रेकॉर्ड करताय?”

“पुढचं कुठंय?” त्याने विचारलं.

“झालं नाही अजून.”

“मग मी पुन्हा येतो,” असं काहीतरी म्हणाला. तोंडात कोंबडी होती, नीट ऐकू आलं नाही. माझ्या कानांनाही.

आठ वाजता मालिका लागली. आधी नायिकेच्या नूडल्सच्या दुकानातली भांडणं, मग सासू, मग पुन्हा भांडणं. हेदाल म्हणाला, “हे फार लांबवतात हो दादा.” मी म्हणालो, “थांब, आता गोदाम येईल.” त्याने पाय वर घेतले. जाहिराती लागल्या. मी दोन वाट्या भरून आणल्या, एक त्याच्यापुढे ठेवली. त्याच्याजवळ बसलो.

गोदाम आलं. बेकने दारू ओतली. मला शेजारी श्वास ऐकू येत होता, संथ, लांब, कुठेही न अडखळणारा. मी रिमोट घेतला आणि आवाज कमी केला, मग आणखी कमी, मग पूर्ण बंद. पडद्यावर त्याने मला मिठी मारली, सुरी मारली, त्याचे ओठ माझ्या कानाशी हलले. मी पाचही पानं मुकाट्याने मेलो. पाय जवळ घेऊन, माझ्या खांद्यावर डोकं टाकून हेदाल गाढ झोपला होता. जाहिराती लागल्यापासूनच त्याचे डोळे मिटलेले होते.